विमानाला जोडलेली पेटी आणि जमिनीत उरलेले बॉम्ब

क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार 2008 साली डब्लिनमध्ये संमत झाला. प्रत्येकी 20 किलोंहून कमी वजनाचे छोटे स्फोटक बॉम्ब पोटात घेऊन जाणारं आणि ते विखुरणारं अस्त्र म्हणजे क्लस्टर बॉम्ब, अशी व्याख्या त्यात आहे. तेवढ्यावर न थांबता पहिल्याच कलमात आणखी एक वाक्य घातलं गेलं: विमानाला जोडलेल्या डिस्पेन्सरमधून, म्हणजे बॉम्ब विखुरणाऱ्या पेटीतून, सोडायच्या छोट्या बॉम्बनाही हीच बंदी लागू राहील. या वाक्याची गरज होती, कारण असा डिस्पेन्सर विमानातून पडत नाही. ती पेटी पंखाखाली किंवा पोटाखाली तशीच राहते, आतला माल तेवढा खाली जातो. हा बॉम्ब नव्हे, विमानाचाच एक भाग आहे, असं म्हणायला एरवी वाव राहिला असता.

एका मोठ्या बॉम्बऐवजी शेकडो छोटे बॉम्ब टाकण्याची कल्पना निघाली ती स्फोटाच्या गणितातून. स्फोटाचा धक्का चहूदिशांना पसरतो. त्यामुळे तेवढ्याच दाबाचा धक्का दुप्पट अंतरावर पोहोचवायचा असेल, तर दुप्पट नव्हे, आठपट स्फोटकं लागतात. मोठ्या बॉम्बची बरीचशी ताकद त्याच्या अगदी जवळच, गरजेपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात खर्च होते. तीच स्फोटकं लहान लहान तुकड्यांत वाटून पसरली, तर विखरून उभी असलेली विमानं, ट्रक आणि तोफा एकाच फेरीत माऱ्यात येतात. गणित बरोबर आहे, पण प्रत्येक तुकडा पडल्यावर फुटेलच असं त्यात गृहीत धरलेलं आहे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने एसडी-2 हा सुमारे दोन किलोंचा बॉम्ब वापरला. खाली पडताना त्याचं कवच उघडे, त्याचे पंख हवेने गरगर फिरत आणि त्या फिरण्याने फ्यूजचा (स्फोट घडवणाऱ्या कळीचा) स्क्रू सुटून बॉम्ब सज्ज होई. या रूपामुळे तो ‘फुलपाखरू बॉम्ब’ म्हणून ओळखला जातो. 1941 साली सोव्हिएत विमानतळांवर हे बॉम्ब खालून उडत टाकताना काही बॉम्ब विमानाच्या रॅकमध्येच अडकत आणि विमानाचाच घात करत. हवेत सोडल्यावर मग उघडणारे डबे हा त्यावरचा उपाय होता. जून 1943 मध्ये इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी आणि क्लीथॉर्प्सवर हे बॉम्ब पडले. काहींना उशिराने फुटणारे, तर काहींना हात लावताच फुटणारे फ्यूज होते, त्यामुळे हल्ला संपल्यावरही माणसं मरत राहिली. हा बॉम्ब किती परिणामकारक ठरला हे शत्रूला कळू नये म्हणून ब्रिटिश सरकारने त्याची वाच्यता होऊ दिली नाही.

व्हिएतनाम युद्धात विमानाला जोडून राहणारी पेटी पुन्हा आली. अमेरिकेच्या एसयूयू-7 डिस्पेन्सरमध्ये लांब नळ्यांचा जुडगा असे आणि त्यांतून छोटे बॉम्ब मागच्या बाजूने बाहेर पडत. ते सारख्या अंतराने पडावेत म्हणून वैमानिकाला कमी उंचीवरून, सरळ रेषेत, लक्ष्याच्या डोक्यावरून जावं लागे. लक्ष्य अनेकदा विमानवेधी तोफाच असत, म्हणजे तोफचीला याहून सोपा नेम मिळणं कठीण. म्हणून सीबीयू-24 आला. हा अख्खा डबा वरून सोडता येई. तो हवेत दुभंगून सुमारे 670 गोळ्यांसारखे छोटे बॉम्ब विखुरत असे. टेनिसच्या चेंडूएवढ्या या गोळ्याच्या कवचात शेकडो पोलादी छर्रे असत. पृष्ठभागावरच्या उंचवट्यांमुळे तो पडताना वेगाने फिरे आणि ठरावीक वेग गाठला की आतला फ्यूज सज्ज होई. वैमानिक तोफांपासून दूर राहिला, पण गोळे कुठे पडणार यावरचा ताबाही तेवढाच सुटला. वारा, उंची, डबा उघडण्याचा क्षण, सगळं त्यात आलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली निर्णायक देवाणघेवाण हीच. विमानातल्या माणसाचा धोका कमी करण्यासाठी जी जी सुधारणा झाली, तिची किंमत जमिनीवरच्या अनोळखी माणसाने मोजली.

शीतयुद्धाच्या उत्तरार्धात युरोपात जोडलेल्या पेट्यांनी अवाढव्य रूप घेतलं. टोर्नेडो विमानासाठी जर्मनीने एमडब्ल्यू-1 बनवली. तिच्यात 112 आडव्या नळ्या होत्या आणि त्या दोन्ही बाजूंना मारा करत. ब्रिटनच्या जेपी-233 च्या एका पेटीत धावपट्टी फोडणारे 30 बॉम्ब आणि 215 छोटे सुरुंग असत. धावपट्टी फोडणाऱ्या बॉम्बची रचना मोठी चतुर होती. पॅराशूटने खाली येऊन त्याचा पहिला स्फोट काँक्रीटला भोक पाडे आणि दुसरा त्या भोकातून आत शिरून खालची जमीन उचकटून काढे. भोवती पसरलेले सुरुंग दुरुस्ती करणाऱ्यांना जवळ येऊ देत नसत. 1991 च्या आखाती युद्धात टोर्नेडो विमानांनी इराकच्या विमानतळांवर अगदी खालून उडत ही पेटी वापरली. पण काही दिवसांतच ब्रिटिश हवाई दलाने खालून उडणं थांबवून मध्यम उंची गाठली आणि तिथून जेपी-233 निरुपयोगी होती. 1997 च्या ओटावा सुरुंगबंदी करारानंतर ती सेवेतूनच गेली.

त्याच युद्धात अमेरिकेने हजारोंच्या संख्येने टाकलेला सीबीयू-87 हा सोडायच्या डब्यांतला. त्यात 202 पिवळे छोटे बॉम्ब. 7 मे 1999 रोजी सर्बियातल्या निश शहरावर असा एक डबा वेळेआधीच उघडला आणि बॉम्ब बाजार व इस्पितळाच्या परिसरात पडले. 2001 मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकेने टाकलेली अन्नाची पाकिटंही पिवळीच होती. लोकांना रेडिओवरून सावध करावं लागलं आणि पुढे पाकिटांचा रंग निळा करण्यात आला. भुकेल्या मुलाने पिवळ्या वस्तूकडे धाव घ्यावी की तिच्यापासून पळावं, हा प्रश्न त्याच्यावर यावा याचा आजही संताप येतो.

बंदीचा करार 2010 पासून लागू आहे. शंभराहून अधिक देश त्यात आहेत. अमेरिका, रशिया, चीन, भारत, पाकिस्तान आणि इस्रायल नाहीत.

लाओसवर 1964 ते 1973 या काळात सुमारे 27 कोटी छोटे बॉम्ब पडले. त्यांपैकी जवळजवळ 8 कोटी फुटलेच नाहीत असा अंदाज आहे. गोळा फांद्यांत अडकला, चिखलात रुतला किंवा कमी उंचीवरून सुटल्याने त्याला पुरेसं फिरायला मिळालं नाही, तर फ्यूज अर्धवट राहतो. तो पूर्ण सज्ज होऊन अडकलाय की सज्जच झाला नाही, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. म्हणून सापडलेला गोळा शक्यतो हलवत नाहीत. धातुशोधक यंत्राने जमीन पट्ट्यापट्ट्याने तपासायची, आवाज आला की माती हाताने बाजूला सारायची आणि गोळा दिसला की शेजारी स्फोटकं ठेवून, सगळ्यांना दूर नेऊन तो तिथेच फोडायचा. त्या जमिनीत पुष्कळदा धातूचं भंगारच निघतं, तरी प्रत्येक आवाजाला माती तितक्याच जपून बाजूला सारावी लागते.