जुनं मॉडेल इंजिन का अडतं? आधी त्याचं घराणं विचारा

काकांनी पन्नास वर्षांपूर्वी परदेशातून आणलेली आगगाडी माळ्यावरून निघते. झटकून रुळांवर ठेवली की दिवा लागतो, मोटर गुणगुणते, पण इंजिन जागचं हलत नाही. मग फोन येतो, "तेल कुठलं घालू?" तेलाचं नंतर बघू. इंजिन कधीचं आणि कुठल्या घराण्याचं, हे आधी कळलं पाहिजे, कारण त्याचं दुखणं बहुतेक वेळा तिथूनच आलेलं असतं.

टेबलावर मावणाऱ्या गाड्यांची दोन मोठी घराणी जवळजवळ एकाच वेळी उभी राहिली. जर्मनीच्या मेर्कलिनने १९३५ साली १६.५ मिलिमीटर रुळांची विजेची गाडी आणली. ब्रिटनची हॉर्नबी डबलो १९३८ची. रुळांची रुंदी एकच, आतली वीज मात्र निराळी. मेर्कलिन एसीवर, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेवर चालायची आणि तिच्या जुन्या मोटरीत कायमचं चुंबक नसायचंच, त्याऐवजी तारेची कॉइल असे. इंजिन उलटं न्यायचं तर क्षणभर २४ व्होल्टचा झटका द्यायचा, की आतला रिले, म्हणजे विजेने हलणारी कळ, दिशा बदलतो. डबलो १२ व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, चुंबकाच्या मोटरीची. रुळांतली वीज उलटली की इंजिन उलटं.

म्हणून जुनी मेर्कलिन एकाच दिशेला पळत असेल किंवा झटका दिल्यावर नुसती उडी मारत असेल, तर मोटर खोलण्याआधी रिलेची ती केसासारखी स्प्रिंग बघावी. गोठलेल्या तेलाने ती चिकटलेली असते. मोटर मेली म्हणून बाजूला टाकलेली इंजिनं मी नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने चालू झालेली पाहिली आहेत.

डीसी घराण्याचा रोग चुंबकाचा. त्या काळची ॲल्निको (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूची) चुंबकं मोटरीतून काढून मोकळी ठेवली, की त्यांचा जोर उतरतो. आमच्या काकांनी एका ब्रिटिश इंजिनाची 'साफसफाई' करताना नेमकं हेच केलं. चुंबक दिवसभर वर्तमानपत्रावर पडून राहिलं. परत बसवल्यावर इंजिन हातात धरलं तर पूर्वीपेक्षा जोरात फिरे, पण दोन डबे जोडले की बसे आणि टोपण चटका बसेल इतकं तापे. चुंबक ढिलं पडलं की असंच होतं: मोकळा वेग वाढतो, ताकद जाते आणि मोटर जास्त करंट खाते. काका मरेपर्यंत दोष ट्रान्सफॉर्मरला देत राहिले.

महायुद्धाआधीच्या इंजिनांत आणखी एक दुखणं आहे, आणि त्याला औषध नाही. ओतीव भाग जस्ताच्या मिश्रधातूचे असत. त्यात शिशाचा अंश राहिला, तर वर्षानुवर्षं दमट हवेत धातू आतून फुगतो, वाकतो आणि सुकल्या चिखलासारख्या भेगा पडतात. १९२९च्या सुमारास अमेरिकेत ९९.९९ टक्के शुद्ध जस्तापासून झॅमॅक हा न फुगणारा मिश्रधातू तयार झाला, तरी सगळे कारखाने काही लगेच सुधारले नाहीत. अशी चौकट दिसली की स्क्रू पिळू नये. तुकडा हातात येतो.

पुण्यात या सगळ्यात भर पडली ती सुट्या भागांच्या दुष्काळाची. आयातीवरची उरलेली संख्यात्मक बंधनं १ एप्रिल २००१ला उठली. तोवर इंजिनं यायची ती कुणाच्या तरी बॅगेतून, आणि बॅगेत कुणी कार्बन ब्रश, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे, आणत नाही. मग तपकीर गल्लीतून वायर, घड्याळजीकडून बारीक तेल, आणि ब्रश म्हणून मिक्सरचा कार्बन पॉलिश पेपरवर घासून. ही शेवटची युक्ती अनेकांना अभिमानाची वाटते, मला नाही. मिक्सरचा कार्बन २३० व्होल्टसाठी असतो. त्याचा रोध जास्त. बारा व्होल्टच्या मोटरीला तांबं मिसळलेला मऊ ब्रश लागतो, नाहीतर इंजिन चालतं खरं, पण आजारी माणसासारखं. ज्याला अनेक गाड्या एकत्र, वेळेवर चालताना बघायच्या असतील त्याने कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं, १९९८ साली खुलं झालेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघावं.

पुढची पिढी डिजिटलची, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनातल्या चिपला वेगळा हुकूम देणारी. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेने नव्वदच्या दशकात तिचं प्रमाण ठरवलं, आणि जुन्या इंजिनांत चिप बसवायची हौस आली. इथे घराणं पुन्हा आडवं येतं. कित्येक जुन्या डीसी इंजिनांत एक ब्रश थेट धातूच्या चौकटीला जोडलेला असतो, चौकट चाकांना आणि चाकं रुळाला. तेव्हा ती वायर वाचवायची सोय होती. चिपला मात्र ती जाळते. चाकांकडून ब्रशला आलेल्या वायरी सोडवा, मग मल्टिमीटरचं एक टोक ब्रशला, दुसरं आळीपाळीने दोन्ही बाजूंच्या चाकांना लावा. बीप वाजला, तर आधी तो ब्रश चौकटीपासून वेगळा करा.