कुत्रा कोंबड्यांची शिट खातो? आमच्या खुराडे-ग्राहकांसाठी माहिती

खुराडं बसलं, कोंबड्या रुळल्या की काही दिवसांत अनेक ग्राहकांचा फोन येतो: "कोंबड्यांचं बरं चाललंय हो, पण आमचा कुत्रा त्यांच्या मागे फिरून शिट खातो." आधी कुत्र्याला दोष देणं सोडा. कोंबडीचं आतडं आखूड असतं, त्यामुळे भरड्यातले दाणे, प्रथिनं पुरती न पचताच बाहेर पडतात. आपल्याला ती घाण, त्याला खाऊ. पोटभर जेवलेला कुत्राही खातो. मात्र तो मातीही खात असेल आणि वजन उतरत असेल, तर जंतांसाठी डॉक्टरांना दाखवा.

एखादा घास गेला म्हणून घाबरू नका. कोंबड्यांच्या रक्ती हगवणीचे जंतू कुत्र्याला बाधत नाहीत. खरी काळजी साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूंची. यांनी कुत्र्याला जुलाब, उलट्या, ताप येऊ शकतो. कधी तो वरून ठणठणीत दिसतो आणि मुलांचं तोंड चाटून जंतू घरात पसरवतो. घरात तान्हं बाळ किंवा म्हातारं माणूस असेल तर हे हसण्यावारी नेऊ नका. कुत्र्याच्या विष्ठेत रक्त दिसलं किंवा तो जेवेनासा झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आमच्या मते सगळी मेख खुराड्यातल्या बसायच्या दांडीखाली आहे. कोंबड्या रात्रभर तिच्यावर एका जागी बसतात, त्यामुळे शिटेचा मोठा वाटा तिथेच पडतो. दांडीखाली पत्र्याचा सरकता ट्रे ठेवा, त्यात भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा पसरा. सकाळी आधी ट्रे रिकामा करायचा, मगच कुत्रा सोडायचा. हा क्रम उलटा झाला की बाकीचे उपाय फुकट. काढलेली शिट सुक्या पाल्यात मिसळून झाकणाच्या पिंपात कुजवा. ताजी शिट झाडाच्या बुडाशी टाकली तर मुळं करपतात, आणि कुत्रा वाफे उकरतो ते वेगळंच.

दिवसा मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांसाठी परसात जाळीचा एक कोपरा करा. कुत्र्याला तिथे नेताना सुरुवातीला पट्टा लावा. तो वास घ्यायला वाकला की "सोड" म्हणा. मान वर केली की लगेच उकडलेल्या काळजाचा तुकडा द्या. ओरडत मागे धावलात तर तो घाईघाईने गिळतो, एवढंच शिकतो. शिटेवर तिखट किंवा फिनेल टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. फिनेल कुत्र्याला आणि कोंबड्यांना, दोघांनाही घातक.

शिटेपेक्षा धोकादायक गोष्ट म्हणजे खाद्याचं पोतं. पिल्लांच्या खाद्यात रक्ती हगवण रोखायला मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन हे औषध घातलेलं असू शकतं. असं खाद्य कुत्र्याने भरपूर खाल्लं तर मागचे पाय लुळे पडू शकतात. पोत्यावरचं लेबल वाचा, खाद्य झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सांडलेलं झाडून घ्या.

मेलेली कोंबडी कुत्र्यापुढे टाकू नका. एकाएकी बऱ्याच कोंबड्या दगावल्या तर हात न लावता जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात बर्ड फ्लू आला होता, हे आपल्याकडचे कोंबडीवाले विसरलेले नाहीत.

जुन्या खुराड्यालाही ट्रे नंतर बसवून मिळतो. दांडीखालची लांबी-रुंदी आतल्या बाजूने, इंचांत मोजून पाठवा. बाहेरून मोजलेला ट्रे अडकतो.