पिशवी करकरते ती साखळीमुळे

भाताचा गोळा वळून फरशीवर आपटायचा आणि तो उसळला की तांदूळ प्लास्टिकचा आहे असं जाहीर करायचं! असले व्हिडिओ पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर अधूनमधून फिरत असतात. घरोघरी इंद्रायणी शिजवणाऱ्या शहराने तरी त्यांवर विश्वास ठेवू नये. भाताचा गोळा वळतो आणि उसळतो तो भात चिकट असल्यामुळे, आणि भात चिकटतो तो स्टार्चमुळे. स्टार्चमध्ये ग्लुकोजच्या दोन प्रकारच्या साखळ्या असतात. अमायलोज जवळजवळ सरळ, तर अमायलोपेक्टिनला फांद्याच फांद्या. अमायलोज कमी असलेला तांदूळ चिकट होतो, जास्त असलेला मोकळा शिजतो. पॉलिथिलीनचा, म्हणजे पिशव्यांच्या प्लास्टिकचा दाणा मात्र कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी पाणी पिऊन फुगणार नाही.

या अफवेच्या बुडाशी असलेला गैरसमज मला जास्त खुपतो. प्लास्टिक म्हणजे एकच एक पदार्थ, असं आपण धरून चालतो. बोहरी आळीत पॅकिंगच्या दुकानात दोन पिशव्या मागून बघा. एक चुरगाळली की करकर आवाज करते, ओढली तर फारशी ताणली जात नाही आणि थोडी धुरकट दिसते. दुसरी मऊ असते, आवाज करत नाही, ओढली की लांबत जाते आणि बऱ्यापैकी पारदर्शक असते. दोन्ही पॉलिथिलीनच्याच. दोन्हींत कार्बन आणि हायड्रोजनखेरीज जवळजवळ काही नाही, आणि त्यांचं प्रमाणही तेच. फरक आहे तो साखळीच्या आकारात.

मऊ पॉलिथिलीन आधी सापडलं, 1933 साली, इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत. ते बनवताना इथिलीन वायूवर हवेच्या नेहमीच्या दाबाच्या हजार-दोन हजार पट दाब देतात, तापमान 200 अंशांच्या आसपास ठेवतात. साखळीच्या टोकाशी असलेल्या कार्बनकडे एक एकटा इलेक्ट्रॉन असतो. त्याला जोडीदार हवा असतो, म्हणून तो समोर येणारा इथिलीनचा रेणू पकडतो, साखळी दोन कार्बनांनी वाढते आणि एकटा इलेक्ट्रॉन नव्या टोकावर येतो. हे अखंड चालू असतं.

आता यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. एवढ्या तापमानाला साखळी स्थिर नसते, ती सतत वळवळत असते. कधीकधी तिचं टोक मागे वळतं आणि स्वतःच्याच अंगावरचा हायड्रोजन ओढून घेतं. तो बहुतेकदा टोकापासून पाचव्या कार्बनवरचा असतो, कारण तिथवर वळलं की सहा अणूंचं कडं तयार होतं आणि तेवढं कडं फारसा ताण न पडता जमतं. हायड्रोजन मिळाल्यामुळे टोक शांत होतं, पण एकटा इलेक्ट्रॉन आता पाचव्या कार्बनवर असतो. पुढची वाढ तिथून होते. मागे राहिलेले चार कार्बन बाजूला लोंबकळतात, म्हणजेच साखळीला चार कार्बनांची फांदी फुटते. दर हजार कार्बनांमागे अशा आखूड फांद्या साधारण 15 ते 30 असतात.

सरळ काटक्यांची मोळी घट्ट बांधता येते, बाभळीच्या फांद्यांची येत नाही. साखळ्यांचंही तसंच होतं. सरळ साखळ्या घड्या घालून शेजारी शेजारी बसतात आणि त्यांचे स्फटिक बनतात. फांद्या त्यात अडथळा आणतात. त्यामुळे मऊ पॉलिथिलीन साधारण 110 अंशांना वितळतं, तर करकरणाऱ्या पिशवीतलं कडक 130 च्या पुढे. स्फटिकांच्या सीमांवर प्रकाश विखुरतो, म्हणून कडक प्रकार धुरकट दिसतो. त्याच्या सरळ साखळ्या कमी दाबाखाली बनवण्याचं उत्प्रेरक कार्ल झीग्लर यांना 1953 मध्ये सापडलं. 1963 चं नोबेल त्यांना जुलिओ नाट्टा यांच्यासोबत मिळालं.

रचनेने जे साधत नाही ते मिसळून साधावं लागतं. पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकचा पाइप कडक असतो, कारण त्यातल्या साखळ्या साधारण 80 अंशांपर्यंत जागच्या हलत नाहीत. 1926 मध्ये वाल्डो सेमन यांनी पीव्हीसी जड, न उडणाऱ्या द्रवासोबत तापवलं आणि ते मऊ, लवचिक झालं. द्रवाचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांना दूर ठेवतात. रक्ताची पिशवी आणि रेक्झिन याच तत्त्वावर बनतात. पण हे रेणू साखळीला रासायनिक बंधांनी जोडलेले नसतात. ते हळूहळू बाहेर पडतात आणि स्कूटरची जुनी सीट कडक होऊन तडकते.

पाण्याच्या काळ्या पाइपमधली दोन-अडीच टक्के काजळी अतिनील किरण शोषून साखळ्या तुटण्यापासून वाचवते. गच्चीत ठेवलेल्या रंगीत खुर्चीत उन्हापासून साखळ्या वाचवणारं रसायन, म्हणजे स्थिरक, पुरेसं घातलेलं नसेल तर काही उन्हाळ्यांत तिच्यावर पांढरी भुकटी येते. ‘ग्रीन’ आणि ‘इको’ छापून जास्त दाम घेणाऱ्यांना म्हणूनच विचारावं, साखळी कोणती आणि त्यात काय मिसळलंय?

डब्याच्या तळाशी त्रिकोणात 2 असेल तर पॉलिथिलीन सरळ साखळीचं, 4 असेल तर फांद्यांचं. पुण्यातल्या कचरावेचक बायका बऱ्याचदा हा आकडा न बघताच, हाताला लागणाऱ्या स्पर्शावरून आणि आवाजावरून माल वेगळा करतात. या वर्गीकरणावर पुढचं सगळं अवलंबून असतं. पाण्याच्या बाटल्या ज्या प्लास्टिकच्या असतात त्या पेटमध्ये पीव्हीसीचा थोडासा चुरा गेला तरी पेट वितळवण्याच्या तापमानाला त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, पेटच्या साखळ्या तुटतात आणि घाणा पिवळा, ठिसूळ निघतो.