पोट फाडते कोण?

नागपूरच्या दवाखान्यांच्या ‘रोबोटिक सर्जरी’च्या जाहिराती आता गावागावांतल्या मोबाइलवर पोचल्यात. त्यावर पारावरचा ठरलेला सवाल: ‘मशीनच पोट फाडते म्हनते, मंग डॉक्टर काय करते जी?’

सगळं डॉक्टरच करतो. ‘दा विंची’सारख्या यंत्रात सर्जन पेशंटपासून चार पावलांवर बसतो, पोटातलं त्रिमितीय चित्र पाहत दोन मुठी हलवतो आणि यंत्राचे हात त्याबरहुकूम हलतात. स्वतःच्या मनाने ते एक टाकाही घालत नाहीत.

खरी गंमत थरथरीत आहे. हात पुढे करून बोटांवर कागद ठेवा, त्याची कड हलताना दिसेल. धडधाकट माणसाचाही हात सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा थरथरतो. मुद्दाम केलेली हालचाल मात्र संथ असते, सेकंदाला एखाद-दोन हेलकावे. मुठीची जागा सेन्सर सेकंदाला शेकडो वेळा मोजतात आणि संगणक प्रत्येक नव्या आकड्यात मागचे आकडे मिसळून सरासरी काढतो. संथ हालचालीत शेजारशेजारचे आकडे जवळपास सारखेच, त्यामुळे ती टिकते. थरथर वर-खाली होते, तिची बेरीज शून्याकडे जाते. पण सेकंदाला १० वेळा होणारी थरथर साध्या सरासरीने पार पुसायची तर १०० मिलिसेकंदांचे (म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्शाचे) आकडे धरावे लागतात आणि हत्यार हातामागे ५० मिलिसेकंद रेंगाळतं. जास्त गाळलं तर हात जड, कमी गाळलं तर सुई हलते. सगळी कारागिरी या दोहोंच्या मध्ये. शिवाय हात ३ सेंटिमीटर सरकला की हत्यार १च सरकेल अशी सोय असते, म्हणजे उरलेली थरथरही तिसऱ्या हिश्शावर.

म्हणून ‘रोबोट चुकतच नाही’ म्हणणाऱ्याला मी, बाळाच्या फुगल्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके देणाऱ्या भगताशेजारीच बसवतो. पित्ताशयासारख्या नेहमीच्या ऑपरेशनात साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनपेक्षा रोबोटचा फायदा ठळक दिसलेला नाही. बिल मात्र ठळक वाढतं.

मग गडचिरोलीचा पेशंट नागपुरातूनच ऑपरेट करता येईल? २००१ मध्ये न्यूयॉर्कला बसून फ्रेंच सर्जन जाक मारेस्को यांनी रोबोटच्या हातांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या बाईंचं पित्ताशय काढलं होतं. हात हलवल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंत सुमारे १५५ मिलिसेकंद लागत. नागपूर-गडचिरोली अंतर तर काचेच्या तंतूतून प्रकाश मिलिसेकंदभरात कापतो. अडतं ते दुसरीकडेच. पेशंटजवळ भूल देणारा हवा, हत्यारं बदलणारा हवा, रक्ताची पिशवी हवी, आणि यंत्र अडलं किंवा लाइन गेली तर हाताने पोट उघडणारा सर्जनही तिथेच हवा. तो तिथे असला, तर पित्ताशय तोच दुर्बिणीने काढून मोकळा होईल.