बी.एस्सी. करता करता इकॉलॉजीत शिरायचं कसं?

बारावीनंतर ‘वाइल्डलाइफमध्ये जायचंय, कोणती डिग्री घेऊ?’ असं विचारणाऱ्या मुलांना बहुधा कॉलेजांची यादी हवी असते. पदवीच्या पातळीवर महाराष्ट्रात ही यादी फार लांब होत नाही, पण त्याने अडतही नाही. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, संख्याशास्त्र, भूगोल, अगदी इंजिनिअरिंग करूनही लोक इकॉलॉजीत, म्हणजे सजीवांचे आपसातले आणि परिसराशी असलेले संबंध अभ्यासणाऱ्या शास्त्रात, आले आहेत. बंगळुरूच्या एनसीबीएस या संस्थेतल्या वन्यजीवशास्त्राच्या एम.एस्सी.ला कोणत्याही शाखेची पदवी चालते. निवड करणाऱ्यांना दोन गोष्टी हव्या असतात. या मुलाने एखादा प्रश्न धरून, ठरवलेल्या पद्धतीने, सलग काही महिने नोंदी केल्या आहेत का? आणि त्या नोंदींवरून काय म्हणता येतं नि काय म्हणता येत नाही, हे त्याला कळतं का?

त्यातली दुसरी बाब गणिताची असते, आणि जंगलाच्या ओढीने येणारी मुलं नेमकी तिथेच अडखळतात. इकॉलॉजिस्ट माधव गाडगीळांचं उदाहरण घ्या. फर्ग्युसनमधून बी.एस्सी., मुंबईत प्राणिशास्त्रात एम.एस्सी. आणि मग हार्वर्डला पीएच.डी., तीही गणिती इकॉलॉजीत. १९८३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी इकॉलॉजीचं केंद्र उभं केलं, तेव्हा तिथे गणित आणि रानातलं काम एकमेकांच्या शेजारीच बसलेलं होतं.

सध्या अभ्यासक्रमही थोडा मदतीला आला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगला श्रेयांक (क्रेडिट) मिळतात. एका श्रेयांकाला ३० तास धरले तर ४ श्रेयांकांच्या ट्रेनिंगचे १२० तास होतात. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं, त्यात १२ श्रेयांकांचा प्रकल्प असतो. हे तास इंटरनेटवरून उतरवलेल्या अहवालात आणि स्पायरल बाइंडिंगमध्ये घालवायचे की खऱ्या कामात, हे बव्हंशी विद्यार्थ्याच्याच हातात असतं.

एक अभ्यास, गावातल्या गावात

खरं काम म्हणजे काय, ते एका उदाहरणाने पाहू. खर्च जवळपास शून्य, लागते ती एक दुर्बीण (८×४२ असेल तर उत्तम, कॉलेजकडे नसेल तर निसर्गमंडळाकडून उसनी मिळते), शिंप्याची टेप, पेन्सिल आणि कागद. पेन्सिलच, कारण दवाने आणि घामाने शाई पसरते.

‘आमच्या शहरातील पक्षी वैविध्य’ हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. प्रश्न असा हवा: झाडोरा जास्त असलेल्या ठिकाणी पक्ष्यांच्या जाती जास्त असतात, की झाडांच्या जाती किती आहेत यावर ते अधिक ठरतं? याचं उत्तर दोन्ही बाजूंनी येऊ शकतं, म्हणून तो विचारण्यासारखा आहे. नुसत्या रेन ट्रीची दाट रांग असलेला रस्ता आणि उंबर, आंबा, कडुनिंब, शेवगा असा मिसळ पण विरळ झाडोरा असलेली जुनी वसाहत यांची तुलना त्यात आपोआप होते.

गावाच्या नकाशावर २० बिंदू निवडा. दोन बिंदूंमध्ये किमान २०० मीटर अंतर ठेवा, नाहीतर तोच भारद्वाज दोन ठिकाणी मोजला जाईल. बिंदू ‘जिथे पक्षी चांगले दिसतात’ तिथे घेऊ नका. नकाशावर चौकोनांची जाळी टाकून त्यांतले चौकोन चिठ्ठ्या टाकून निवडा. उजाड चौक, बसस्थानक, बिनझाडांची गल्ली यांनाही जागा मिळाली पाहिजे, कारण कमी झाडोऱ्याचं टोकच नसेल तर तुलना कशाशी करणार?

प्रत्येक बिंदूवर पोहोचल्यावर दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, म्हणजे तुमच्या येण्याने बिचकलेले पक्षी स्थिरावतात. मग १० मिनिटांत ५० मीटरच्या वर्तुळात दिसलेला आणि ऐकू आलेला प्रत्येक पक्षी नोंदवायचा. नुसते डोक्यावरून उडत गेलेले बगळे, घारी वेगळ्या रकान्यात. पक्षी ०–२५ मीटरच्या पट्ट्यात होता की २५–५० मीटरच्या, हेही लिहा. अंतराचा अंदाज सुरुवातीला हमखास चुकतो, म्हणून आधी दोन-तीन दिवस टेप लावून डोळ्यांना सराव द्या. वेळ सूर्योदयानंतरच्या तीन तासांतली. पाऊस, दाट धुकं किंवा जोराचा वारा असेल तर त्या दिवशी मोजणी नाही.

प्रत्येक बिंदूला चार फेऱ्या धरल्या तर ८० मोजण्या होतात. एका सकाळी पाच बिंदू आरामात होतात, म्हणजे एकूण १६ सकाळी. नोव्हेंबरअखेर सुरू करून फेब्रुवारीत संपवता येतं, सत्र परीक्षा मध्ये आली तरी. काम एप्रिलपर्यंत मात्र लांबवू नका. हिवाळी पाहुणे, म्हणजे वटवटे, माशीमार, धोबी, मार्च-एप्रिलमध्ये परतू लागतात आणि ऋतूचा परिणाम तुमच्या झाडोऱ्याच्या परिणामात मिसळून जातो. बिंदूंचा क्रमही दर फेरीत उलटा करा. कायम पहिला येणारा बिंदू कायम किलबिलाटाच्या वेळेत मोजला जातो आणि उगाचच श्रीमंत दिसतो.

झाडांसाठी त्याच बिंदूभोवती २० मीटर त्रिज्येचं वर्तुळ पुरे, ते साधारण १,२५७ चौरस मीटर भरतं. त्यातल्या ३० सेंटिमीटरहून जास्त घेर असलेल्या प्रत्येक झाडाची जात आणि जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवरचा घेर लिहा. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. उतारावरच्या झाडाचा घेर चढाच्या बाजूने उंची धरून घ्यायचा. त्या उंचीच्या खालीच खोड फुटलं असेल तर प्रत्येक फांटा वेगळा मोजायचा. वडाच्या पारंब्यांचं काय करायचं, याचा नियम मोजणीच्या आधी ठरवून वहीत लिहून ठेवा. काय ठरवता याला तितकंसं महत्त्व नाही. दहाव्या वडापाशी नियम बदलला तर मात्र आधीचे नऊ वाया जातात.

कुठे फसतं

सर्वांत मोठी फसगत आकड्यात होते. ८० मोजण्या झाल्या म्हणून नमुना ८० चा होत नाही. प्रश्न बिंदूंबद्दल आहे, म्हणून नमुना २० चाच. एकाच जागी चारदा गेल्याने त्या जागेबद्दलची खात्री वाढते, जागा वाढत नाहीत. इकॉलॉजीत ही चूक इतकी सर्रास होती की १९८४ साली हर्लबर्ट या शास्त्रज्ञाने तिच्यावर लिहिलेला लेख आजही पहिल्या सत्रात वाचायला देतात. अजूनही ती अनेक प्रबंधांत सापडते, हे सांगायला नको.

दुसरी अडचण सूक्ष्म आहे. दिसला नाही याचा अर्थ नव्हता असा होत नाही. दाट झाडोऱ्यात शिंजीर किंवा वटवट्या डोळ्यांना सहज चुकतो, उघड्या चौकात तारेवरचा वेडा राघू कुणालाही दिसतो. म्हणजे तुमची पद्धत दाट जागांना कमी गुण देणारी आहे. तरीही दाट जागी जाती जास्त निघाल्या तर निष्कर्ष उलट भक्कम होतो. कमी निघाल्या तर मात्र हा दोष झाडोऱ्याचा की नजरेचा, हे सांगता यायला हवं. अंतराचे पट्टे आणि चार-चार फेऱ्या यासाठीच घेतलेल्या असतात, त्यांवरून ‘असूनही न दिसण्याची’ शक्यता मोजता येते. म्हणून आवाज ओळखायला शिका. तांबट, दयाळ, लालबुड्या बुलबुल, शिंपी अशा गावातल्या तीसेक पक्ष्यांचे आवाज दोन महिन्यांत बसतात. दोघे मिळून मोजत असाल तर सगळे बिंदू दोघांच्याही वाट्याला सारखे आले पाहिजेत. नाहीतर चांगल्या कानाच्या माणसाचे बिंदू समृद्ध ठरतात.

मग एक्सेल. एका ओळीत एक नोंद: तारीख, बिंदू, फेरी, सुरुवातीची वेळ, निरीक्षक, जात, संख्या, अंतराचा पट्टा, दिसला की ऐकला. तारीख २०२६-०१-१४ अशी वर्ष-महिना-दिवस क्रमाने लिहा. नाहीतर ५ फेब्रुवारीचा २ मे कधी होतो ते कळत नाही. ‘बुलबुल’ आणि ‘लालबुड्या बुलबुल’ असं दोन तऱ्हांनी लिहिलं की संगणक दोन जाती मोजतो. एकही पक्षी आढळला नाही तर तसं स्पष्ट लिहा. रिकामी ओळ म्हणजे शून्य की विसरलेली मोजणी, हे मार्चमध्ये आठवत नाही. कागदांचा त्याच दिवशी फोटो काढा.

विश्लेषणासाठी ‘आर’ ही संगणकप्रणाली आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस, दोन्ही फुकट आहेत. आधी आलेख काढा आणि बघत बसा. २० बिंदूंवर सहा-सात घटक एकदम तपासण्याचा मोह आवरा. दोन घटक पुरेत. उत्तर ‘फरक आढळला नाही’ असं आलं तरी प्रकल्प फसलेला नसतो.

इतकं जमणार नसेल तर आणखी हलकी सुरुवातही आहे. सीझनवॉच या झाडांच्या नोंदींच्या उपक्रमात एक झाड निवडून आठवड्यातून एकदा पानं, फुलं, फळं काहीच नाही, थोडी की पुष्कळ, एवढंच नोंदवायचं असतं. बहावा, पळस किंवा काटेसावर घ्या. फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस चालणाऱ्या कॅम्पस बर्ड काउंटमध्ये १५ मिनिटांच्या याद्या ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर चढवायच्या असतात. अशा नोंदी वाया जात नाहीत. २०२३ चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल ३० हजारांहून जास्त पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा राहिला आणि त्यात ९४२ जातींची स्थिती तपासली गेली.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसण्याचा अनुभव जरूर घ्या, पण तो संशोधनाच्या रकान्यात लिहू नका. एकच प्राणी रात्रीतून दोनदा येतो, कुणी दुसऱ्या पाणवठ्यावर जातो, कुणी येतच नाही. त्यातून संख्या निघत नाही आणि वनविभागही आता त्याला ‘निसर्गानुभव’च म्हणतो. व्याघ्रगणनेत स्वयंसेवक म्हणून रेषा चालायला (आखलेल्या सरळ रेषेवरून चालत नोंदी करायला) मिळाली तर ती संधी मात्र सोडू नका.

परवानगी आणि पाय

पदवीच्या प्रकल्पासाठी अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान निवडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथे अभ्यासासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, तिला महिनोन् महिने लागू शकतात आणि तुमचं सत्र थांबत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पकडणंही येतं. मोजून सोडून देण्यासाठी साप, घोरपड किंवा बेडूक धरण्याआधी मार्गदर्शकाला आणि वनविभागाला विचारलेलं बरं. घरट्यांपाशी घुटमळणं तर परवानगी असो-नसो, टाळाच.

कोकणातल्या सड्यांवर (जांभ्या खडकाच्या पठारांवर) काम करायचं असेल तर पायांत गमबूट हवेत, आणि दगड उलटायचा तर हाताने नाही, काठीने. रत्नागिरी-सिंधुदुर्गात दगडाखाली फुरसं हा विषारी साप असणं ही रोजची बाब आहे. साप चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करायचं नाही. हालचाल कमीत कमी ठेवून १०८ ला फोन करायचा आणि प्रतिसर्पविष असलेलं रुग्णालय गाठायचं. ते कुठे आहे, हे निघण्याआधी माहीत असावं.

दारं कुठे आहेत

देशाच्या तीन विज्ञान अकादमींची मिळून एक उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आहे. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करायला मिळतं, विद्यावेतनासह. अर्ज उन्हाळ्याच्या कित्येक महिने आधीच मागवतात, म्हणून उन्हाळ्याची जाग मार्चमध्ये येणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही. बंगळुरूला भरणाऱ्या एससीसीएस या विद्यार्थी परिषदेत आणि ‘येती’ या तरुण इकॉलॉजिस्टांच्या मेळाव्यात पदवीच्या मुलांनाही जाता येतं. तिथे चहाच्या रांगेत झालेल्या ओळखींतून इंटर्नशिप मिळते, हे अनेकांच्या बाबतीत खरं आहे. मुंबईत १८८३ पासूनची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आहे, पुण्यात आयसर ही विज्ञानसंस्था आणि गरवारे महाविद्यालयाचा जैवविविधता विभाग. पुढच्या शिक्षणासाठी डेहराडूनची वन्यजीव संस्था, एनसीबीएस, आयआयएससी (म्हणजे वर आलेली भारतीय विज्ञान संस्था). ‘गेट’ या देशपातळीवरच्या परीक्षेत इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन असा स्वतंत्र पेपर आहे आणि तो पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून देता येतो.

शास्त्रज्ञाला ई-मेल लिहायचा तर दीडशे शब्द पुरेत. त्यांचा कोणता शोधनिबंध वाचला आणि त्यातलं काय कळलं नाही, तुम्हाला काय येतं (‘३० पक्षी आवाजावरून ओळखतो, आरमध्ये आलेख काढतो’ इतकं नेमकं), कोणत्या तारखेपासून किती आठवडे मोकळे आहात. सोबत एक पानाचा परिचय आणि तुमच्या २० बिंदूंचा एक आलेख. ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ने सुरू होणारा, चाळीस जणांना एकदम पाठवलेला मजकूर पहिल्या ओळीतच ओळखू येतो. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा.

पैशांचंही बोललं पाहिजे. बऱ्याच इंटर्नशिप बिनपगारी असतात आणि त्यामुळे हे क्षेत्र घरून पैसे मिळू शकणाऱ्यांचंच राहतं, ही त्याची खोट आहे. होकार देण्याआधी विचारा: राहणं-जेवण कोण देणार, फील्डवरचा प्रवासखर्च मिळणार का, विमा आहे का, मी गोळा केलेल्या नोंदी वापरून पोस्टर करता येईल का, आणि काम कुणाच्या हाताखाली? उलट तुमच्याकडूनच आठवड्याचे हजारो रुपये मागून जीपसफारी घडवणारी ‘इंटर्नशिप’ ही सहल असते. पुढे एम.एस्सी. आणि नेट किंवा गेट या परीक्षा झाल्यावर जेआरएफची, म्हणजे संशोधन करताना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीची, रक्कम २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, वर घरभाडं. तोवरची दोन-तीन वर्षं कशी काढायची याचा हिशेब घरच्यांबरोबर बसून आधीच केलेला बरा.