विजेच्या मोटारीची बॅटरी आणि ‘गाडी भंगारात’ हा समज

म्हापशापासून मडगावपर्यंत विजेच्या मोटारीचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास कानी पडते: तिची मुख्य बॅटरी सांगाड्यात कायमची बसवलेली असते, त्यामुळे ती बिघडली की गाडी थेट भंगारात. हे खरे नाही. बहुतेक मोटारींत हा संच तळाशी बोल्टांनी जोडलेला असतो आणि गाडी लिफ्टवर उचलून तो खालच्या बाजूने उतरवता येतो. टेस्लाने 2013 मध्ये यंत्राच्या साहाय्याने ही अदलाबदल सुमारे दीड मिनिटात करून दाखवली होती.

गॅरेजमध्ये मात्र इतकी घाई चालत नाही, आणि चालूही नये. शेकडो व्होल्टचा दाब असल्याने प्रथम सर्व्हिस प्लग (बॅटरीचा विद्युतमार्ग तोडणारी जोडणी) काढून कपॅसिटरमधील, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागातील, विद्युतभार उतरेपर्यंत थांबावे लागते, मीटरने दाब शून्य असल्याची खात्री करावी लागते, द्रवाने थंड होणाऱ्या संचातून कूलंट काढावे लागते, आणि मगच काही शे किलोंचे ते ओझे टेबल-लिफ्टवर उतरवले जाते. आपल्या किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत गंजलेले बोल्ट हे काम आणखी लांबवतात, हेही सांगितले पाहिजे. नवा संच बसवल्यावर इन्सुलेशनची तपासणी होते आणि गाडीच्या संगणकाला त्याची ओळख करून द्यावी लागते.

शिवाय अनेक संच मॉड्यूलांचे, म्हणजे सुट्या करता येणाऱ्या लहान भागांचे, बनलेले असल्याने कधीकधी बिघडलेला भागच बदलून भागते. सांगाड्याचाच भाग बनवलेले काही नवे संच याला अपवाद आहेत. त्यांची दुरुस्ती खरोखरच अवघड असते.