पर्यटन आणि पर्यावरणीय गुन्हे : एका उशिरा सुरू झालेल्या संशोधनाची पार्श्वभूमी

संयुक्त राष्ट्रांनी 1967 हे आंतरराष्ट्रीय पर्यटन वर्ष म्हणून पाळले, तेव्हा पर्यटनाकडे नवस्वतंत्र देशांच्या विकासाचा निर्मळ मार्ग म्हणून पाहिले जात होते. धुराडे नाही, खाण नाही, रसायनांचे सांडपाणी नाही. समुद्रकिनारा, जंगल किंवा डोंगर जसा आहे तसा दाखवायचा आणि परकीय चलन मिळवायचे, असे हे गणित होते. 1950 मध्ये जगभरात साधारण अडीच कोटी आंतरराष्ट्रीय पर्यटकांची नोंद झाली होती आणि 2019 मध्ये ती जवळपास 146 कोटींवर पोहोचली. या वाढीच्या बऱ्याच मोठ्या काळात ‘धूर न सोडणारा उद्योग’ ही पर्यटनाची ओळख टिकून राहिली. पर्यटन आणि पर्यावरणीय गुन्हे यांचा एकत्र अभ्यास इतक्या उशिरा का सुरू झाला, याचे एक उत्तर त्या ओळखीत आहे.

पर्यटन आणि गुन्हेगारी यांच्या संबंधावर संशोधन होत नव्हते असे नाही. 1975 मध्ये अभ्यासक जड यांनी मेक्सिकोची आणि 1980 मध्ये फुजी व मॅक यांनी हवाईची आकडेवारी तपासली, तर 1982 मध्ये पिझाम यांनी अमेरिकेतील राज्यांच्या आधारे पर्यटन वाढले की गुन्हे वाढतात का, हा प्रश्न थेट विचारला. मात्र या सर्वांपुढे असलेले गुन्हे म्हणजे चोरी, लूटमार, घरफोडी आणि हिंसा. पर्यटक त्यात बहुतेक वेळा बळी म्हणून येत असे. ज्या किनाऱ्यावर त्याचे पाकीट मारले गेले तो किनारा स्वतःच बेकायदा बांधकामाखाली गेला असेल, तर ती गोष्ट या अभ्यासाच्या कक्षेत येत नव्हती.

दुसरीकडे पर्यटनशास्त्रात पर्यावरणाच्या हानीवर भरपूर लिहिले जात होते. एखादे बेट किंवा अभयारण्य किती माणसे पेलू शकते याची धारणक्षमता काढणे, पायवाटांची झीज मोजणे, प्रवाळाचा ऱ्हास नोंदवणे हे काम 1970 नंतर नेटाने झाले आणि ते मोलाचेही आहे. पण त्यात हानी ही गर्दीचा परिणाम म्हणून मांडली जात असे. ती कोणी, कोणता नियम मोडून, कोणाच्या परवानगीने आणि किती नफ्यासाठी केली, हे विचारण्याची त्या शास्त्राला सवय नव्हती. माझ्या मते या विषयाची खरी उणीव इथेच होती. एका शास्त्राकडे गुन्हेगाराचा शोध घेण्याची पद्धत होती, पण निसर्ग त्याला बळी म्हणून दिसत नव्हता. दुसऱ्याला घायाळ निसर्ग दिसत होता, पण त्यामागचा आरोपी दिसत नव्हता.

कायदे मात्र दरम्यान उभे राहत होते. धोक्यातील वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइटीस करार मार्च 1973 मध्ये वॉशिंग्टन येथे झाला आणि 1 जुलै 1975 पासून अमलात आला. जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणावरील मारपोल करारही 1973 चा, त्याला 1978 मध्ये पूरक कराराची (प्रोटोकॉलची) जोड मिळाली. 1988 मध्ये स्पेनने किनारा कायदा केला. 1990 मध्ये अमेरिकी अभ्यासक मायकेल लिंच यांनी गुन्हेशास्त्राने पर्यावरणाकडे वळावे अशी मांडणी केली. नायजेल साउथ, पिअर्स बर्न, रॉब व्हाइट आदींनी पुढे ‘हरित गुन्हेशास्त्र’ या नावाने ती शाखा वाढवली. कायद्याच्या पुस्तकात जे लिहिले आहे तेवढेच मोजायचे, की कायदेशीर असूनही घोर ठरणारी हानीसुद्धा विचारात घ्यायची, हा या शाखेतील वाद आजही चालू आहे. पर्यटनाच्या बाबतीत त्याला विशेष धार येते, कारण इथली बरीचशी हानी परवाना हाती घेऊनच होते.

हे सर्वांत ठळकपणे दिसले ते भूमध्य समुद्राच्या काठी. इटलीत लेगाम्बिएंते या पर्यावरणवादी संघटनेने 1990 च्या दशकात ‘इकोमाफिया’ ही संकल्पना रूढ केली आणि बेकायदा बांधकाम हा संघटित गुन्हेगारीचा एक धंदा आहे, हे वर्षानुवर्षे नोंदवत नेले. अमाल्फी किनाऱ्यावरचे फुएंती हॉटेल तिथे अशा बांधकामांचे प्रतीकच झाले होते. अखेर 1999 मध्ये ते पाडले गेले. स्पेनमध्ये अल्मेरिया प्रांतात, काबो दे गाता या संरक्षित निसर्गक्षेत्रात अल्गारोबिको हॉटेलचे बांधकाम 2003 मध्ये सुरू झाले. चारशेहून अधिक खोल्यांची ही इमारत किनाऱ्यापासून शंभर मीटरच्या संरक्षित पट्ट्यात शिरलेली होती, तरीही तिला नगरपालिकेचा परवाना होता. 2006 मध्ये न्यायालयाने काम थांबवले. त्यानंतर दीड दशक उलटून गेले तरी तो पांढरा सांगाडा डोंगराच्या कुशीत उभाच होता. त्याच 2006 मध्ये मार्बेया या पर्यटननगरीतील भ्रष्टाचार इतका उघड झाला की स्पेनच्या सरकारला तिथली नगरपालिकाच बरखास्त करावी लागली. जमिनीच्या वापराचा आराखडा बदलून घेणे हाच इथे गुन्ह्याचा मुख्य टप्पा असतो, हे अभ्यासकांना या प्रकरणांतून नीट कळले. खोदकाम सुरू होईपर्यंत गुन्हा कागदावर पुरा झालेला असतो.

जहाजांच्या बाबतीत पुरावा अधिक ठोस मिळाला, म्हणून तिथल्या घटना जरा तपशिलाने पाहण्याजोग्या आहेत. 1999 मध्ये रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने अमेरिकेत 21 गंभीर गुन्ह्यांची कबुली दिली आणि 1 कोटी 80 लाख डॉलरचा दंड मान्य केला. समुद्रात सोडलेल्या पदार्थांत तेलकट पाण्याबरोबरच कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगची आणि प्रवाशांचे फोटो धुण्यासाठी वापरलेली रसायनेही होती. 2013 मध्ये ‘कॅरिबियन प्रिन्सेस’ या जहाजावर नव्याने रुजू झालेल्या एका अभियंत्याला इंजिनाच्या खोलीत एक जादा नळी आढळली. यंत्रांच्या तळाशी साचणारे तेलकट पाणी वेगळे करणाऱ्या यंत्रणेला वळसा घालून ते थेट समुद्रात सोडणारी ही नळी. जहाजावरचे लोक तिला ‘जादूची नळी’ म्हणतात. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ असे पाणी सोडले गेल्यावर त्याने साउदॅम्प्टनला जहाज सोडले आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांना कळवले. नियमानुसार पाण्यातील तेलाचे प्रमाण दशलक्षात 15 भागांहून जास्त असता कामा नये. ते मोजणाऱ्या उपकरणाला फसवण्यासाठी त्यातून स्वच्छ समुद्राचे पाणी खेळवले जात होते, आणि तक्रारीची कुणकुण लागताच वरिष्ठांनी ती नळी काढून टाकायला लावली होती. 2016 मध्ये प्रिन्सेस क्रूझ लाइन्सने गुन्हा कबूल केला व 4 कोटी डॉलरचा दंड ठरला; जहाजाने हेतुपुरस्सर केलेल्या प्रदूषणासाठीचा तो तोवरचा सर्वांत मोठा दंड होता. अमेरिकी कायद्यात अशा दंडाचा निम्म्यापर्यंतचा हिस्सा माहिती देणाऱ्याला देता येतो. भर समुद्रातला गुन्हा उघडकीस येतो तो बहुधा आतल्या माणसाच्या धैर्यामुळेच, हे ओळखून केलेली ही तरतूद आहे.

वाळूचे प्रकरण याहून विचित्र आहे. 2008 मध्ये जमैकातील कोरल स्प्रिंग्ज येथील सुमारे चारशे मीटर लांबीच्या किनाऱ्यावरून अंदाजे पाचशे ट्रक वाळू चोरीला गेली. ती इतर पर्यटनस्थळांच्या किनाऱ्यांसाठी विकली गेली असावी या संशयाने पोलिसांनी वेगवेगळ्या किनाऱ्यांवरच्या वाळूचे नमुनेही तपासले, पण खटला टिकला नाही. मोरोक्कोमध्ये किनाऱ्यावरची वाळू बेकायदा उपसून ती हॉटेलांसह सर्व तऱ्हेच्या बांधकामांत वापरली जाते, म्हणजे ज्या किनाऱ्यासाठी हॉटेल बांधायचे तोच त्याच्या भिंतींत जातो. याउलट सार्डिनियात वाळू, शिंपले आणि गोटे पर्यटकच बाटल्यांतून नेत राहिले, म्हणून 2017 मध्ये त्यावर 500 ते 3,000 युरोपर्यंत दंड बसवावा लागला.

अशा किरकोळ, पण लाखो हातांनी होणाऱ्या नेण्याकडे संशोधकांचे लक्ष साइटीस करारामुळेही गेले. करारात प्रवाशाच्या वैयक्तिक वस्तूंना काही सवलत आहे. सदस्य देशांच्या ठरावानुसार माणशी तीन राणी शंख किंवा चार समुद्रघोडे परवान्याशिवाय नेता येतात. सवलत समंजस आहे, पण ती व्यापाराची वाटही बनू शकते. वन्यजीव दाखवण्याच्या धंद्याचा अनुभव तर याहून कडवट आहे. थायलंडच्या कांचनाबुरीतील वाघांच्या मंदिरावर 2016 मध्ये धाड पडली, तेव्हा 137 वाघ हलवण्यात आले आणि शीतपेटीत बछड्यांची 40 कलेवरे सापडली. तिथे पर्यटक वर्षानुवर्षे वाघांना कुरवाळून फोटो काढून घेत होते. त्याच्या आदल्याच वर्षी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अशा 24 प्रकारच्या आकर्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. भेट देणाऱ्यांनी लिहिलेले अभिप्राय तपासल्यावर, प्राण्यांवरचा वाईट परिणाम सुमारे 80 टक्के लोकांच्या लक्षातच येत नाही, असे त्यांना आढळले.

हानी आणि गुन्हा यांतील अंतर भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढील एका प्रकरणात फार स्पष्ट झाले. कुलू-मनाली भागातील एका मोटेलने पुरापासून बचाव करण्यासाठी बुलडोझर लावून बियास नदीचा प्रवाह वळवला होता. डिसेंबर 1996 मध्ये न्यायालयाने नदी ही सार्वजनिक विश्वस्त संपत्ती, म्हणजे सरकारने जनतेच्या वतीने सांभाळायची ठेव, आहे असे सांगून जमिनीचा भाडेपट्टा रद्द केला. मात्र 2000 मध्ये दंडाचा प्रश्न आला, तेव्हा पर्यावरण संरक्षण कायद्याखालील दंड हा फौजदारी खटल्याशिवाय लावता येत नाही, असे त्याच न्यायालयाला म्हणावे लागले. शेवटी 2002 मध्ये जरब बसावी म्हणून 10 लाख रुपयांची नुकसानभरपाई ठरली. निकाल ऐतिहासिक खराच, पण गुन्ह्यांच्या आकडेवारीत अशी नदी कुठेच दिसत नाही.

संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रम आणि इंटरपोल यांनी 2016 मध्ये पर्यावरणीय गुन्ह्यांची वार्षिक उलाढाल 9,100 ते 25,800 कोटी डॉलरच्या दरम्यान सांगितली. ही प्रचंड तफावतच मोजमाप किती कच्चे आहे हे दाखवते. वन्यजीव, लाकूड, मासेमारी, खनिजे, कचरा अशी तिथली वर्गवारी आहे, आणि पर्यटन या सगळ्यांत विखुरलेले असल्याने त्याचा वाटा वेगळा निघत नाही.

शिक्षा कोणाला होते, हा प्रश्नही आता संशोधनात आला आहे. फिलिपिन्समधील बोराकाय बेट सांडपाणी थेट समुद्रात सोडल्यामुळे आणि किनाऱ्यावरील अतिक्रमणांमुळे 26 एप्रिल 2018 पासून सहा महिने बंद ठेवण्यात आले. त्याविरुद्ध तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत पर्यटकांसाठी वाळूचे किल्ले करून पोट भरणारा एक कारागीर होता. 2019 मध्ये न्यायालयाने बंदी वैध ठरवली. पाणी सुधारले, हे चांगलेच झाले. पण ज्याने एकही नळी समुद्रात सोडली नव्हती त्याचीही मजुरी त्यात बुडाली, हे विसरून चालणार नाही.

2024 मध्ये युरोपीय संघाने 2008 च्या जुन्या निर्देशाच्या जागी पर्यावरणीय गुन्ह्यांविषयी नवा निर्देश आणला आणि सदस्य देशांना तो आपल्या कायद्यात उतरवण्यासाठी 21 मे 2026 पर्यंतची मुदत दिली. परवाना लाच देऊन, फसवणुकीने किंवा दबावाने मिळवला असेल, अथवा तो कायद्याच्या मूळ अटींचा उघड भंग करणारा असेल, तर त्याच्या आधारे केलेले कृत्यही बेकायदाच धरावे, असे या निर्देशात म्हटले आहे. अल्गारोबिकोसारख्या प्रकरणांत बांधकाम करणारा नेहमी पुढे करत आलेला कागद आता तपासाच्या कक्षेत येणार आहे.